दळणारा कोण?

पुस्तकाचा अर्थ काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला बाविसाव्या वर्षी वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. फरक एवढाच की एका पुस्तकाच्या बाबतीत मला नऊ-दहा वर्षांच्या पोरीनं हरवलंय, आणि ते मी चारचौघांत कबूल करते. माझ्यासारख्या नाकावर राग घेऊन फिरणाऱ्या बाईनं हरल्याचं कबूल करायचं म्हणजे काय साधी गोष्ट आहे होय?

ही गोष्ट नावांची आहे आणि तिच्यात मी एकही नाव घालणार नाही. ती पोर आता स्वतः आजी झाली असेल. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव छापायचा मला हक्क नाही. का नाही, ते शेवटी कळेल.

मी कोल्हारकडची. प्रवरेच्या काठी आमची शेती, पाटाचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस. शिक्षिकेची नोकरी लागली ती मात्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डीच्याही पलीकडं. तिथं कुसळं, दगड आणि बाभळी. ज्वारी-बाजरी देवाच्या मर्जीवर. एकशिक्षकी शाळा, चार इयत्ता, सगळ्या मारुतीच्या देवळाच्या मंडपात. शाळेला स्वतःची इमारत नव्हती. मारुतीपुढं पहिली-दुसरी, खांबापलीकडं तिसरी-चौथी, आणि मधे मी छडी घेऊन. शनिवारी तेल घालायला माणसं यायची तेव्हा पाढे थांबवावे लागत.

मला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक माझं वाचन आणि दुसरा माझा पट. पट म्हणजे हजेरीचं मोठं पुस्तक. माझ्यासारखा स्वच्छ पट तालुक्यात कुणाचा नव्हता, हे तपासणीला येणारे साहेबच म्हणायचे. हजर काळ्या शाईत, गैरहजर निळ्या शाईत, आणि जो विद्यार्थी महिनोन्‌महिने येत नाही त्याच्या नावावर पट्टी धरून तांबडी रेघ. नियमच तसा होता. नाव कमी करायचं आणि खाली सही ठोकायची. खाडाखोड नाही, डाग नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कायम तांबडी असायची.

त्या गावात तांबडी शाई लागायचीच. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघे. तोडणीची टोळी जमवून कारखान्यावर नेणारा मुकादम ट्रक घेऊन यायचा. नवरा-बायको, पोरंटोरं, कोंबड्या, तवा-परात, सगळं त्यात चढायचं. मागं राहायची म्हातारी माणसं. जायची ती आमच्याच बाजूला, ज्या पाटावर मी लहानपणी पाय सोडून बसले त्याच पाटाकडेला झोपड्या घालायची. त्या झोपड्यांना कोपी म्हणतात. आमच्याच शिवारातला ऊस तोडायला माझ्याच शाळेतली मुलं निघायची आणि चैत्र-वैशाखात परत यायची, तोवर वाचायचं विसरून गेलेली. काही तर शाळेत परत यायचीच नाहीत.

आता त्या पोरीविषयी. चौथीतली. बारीक, काळी, केस कायम विस्कटलेले, आणि डोकं असं की मी एक सांगावं आणि तिनं दोन विचारावेत. तिची थोरली बहीण माझ्याकडं दिवाळीपर्यंत तिसरीला होती. मग ती उसाला गेली ती गेलीच. आता तेरा वर्षांची थोरली मोळ्या बांधायला आईबरोबर फडात उतरायची. धाकटा भाऊ नुकता रांगायला लागला होता. तेव्हा यंदा त्याला कोपीवर सांभाळायला ही धाकटी लागणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं. मला ते कळलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. चौथी झाली असती तर तिला मी पाचवीला तालुक्याला घातली असती, राहण्या-खाण्याचं मी बघितलं असतं. एकदा ती उसाला गेली की तिचीही थोरली होणार, हे मला पक्कं माहीत होतं.

तिच्या आईला सांगून बघितलं. ती बिचारी मान खाली घालून म्हणाली, "बाई, मला काय हौस हाय का? तान्ह्याला उसाच्या फडात ठिवू का?" उत्तर नसलं की मला राग येतो. मी रागानं घरी आले.

आणि मग पुस्तकाची युक्ती सुचली. म्हणजे आधी युक्ती नव्हती, आधी नुसतं पुस्तकच होतं.

ते मला नगरला जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं होतं. मुलांसाठी लिहिलेली कादंबरी. वरचं पुठ्ठ्याचं पान आणि सुरुवातीची दोन-चार पानं फाटून गेलेली, त्यामुळं नाव काय, लिहिलंय कुणी, काही पत्ता नाही. रात्रभर बसून वाचलं आणि खरं सांगते, बाविसाव्या वर्षी मला दाराची कडी पुन्हा एकदा तपासून यावंसं वाटलं.

गोष्ट अशी. एक गाव असतं, तिथं कधी ऊन पडत नाही. त्या गावाखाली, जमिनीच्या पोटात, एक अवाढव्य जातं आहे, आणि त्या जात्याचा मालक आहे एक दळणारा. त्याला तोंड नाही. नाकाखाली नुसतं सपाट कातडं. तो धान्य दळत नाही, मुलांची नावं दळतो. ज्याचं नाव त्यानं मूठभर उचलून जात्यात टाकलं, ते मूल गावातून नाहीसं होतं. आणि नुसतं नाहीसं होत नाही, सगळे त्याला विसरतात. आई भाकरी थापताना एक भाकरी कमी थापते आणि तिला काही चुकल्यासारखंही वाटत नाही. अशी एका मुलीची थोरली बहीण जाते. पण ह्या मुलीनं बहिणीचं नाव कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवलेलं असतं. ते वाचून तिला एकटीलाच आठवतं की आपल्याला बहीण होती. मग ती जात्याच्या तोंडातून खाली उतरते. खाली बिननावाची शेकडो मुलं खुंटा धरून जातं ओढतायत. पुस्तकात चित्रंही होती. दळणाऱ्याचे हात बोटांपासून मनगटापर्यंत तांबडे रंगवलेले.

पुस्तकाची शिवण उसवलेली म्हणून मी ते घरातल्या एका तांबड्या कापडाच्या तुकड्यात बांधून शाळेत नेलं. दसऱ्यानंतरचे दिवस होते. शेवटचा तास मोकळा ठेवून मी मुलांना वाचून दाखवायला लागले. पहिल्याच दिवशी दोघं रडली आणि एकानं मारुतीच्या पायांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी एकही मूल गैरहजर नव्हतं. मुलांना काय आवडतं ते मला बरोबर कळतं.

तिसऱ्या दिवशी वाचत असताना मान वर केली तर मंडपाच्या कडेला सात-आठ बायका बसलेल्या. चपला बाहेर, पदर डोक्यावर. त्यांच्या पुढं त्या पोरीची आजी. गावात तिच्या शब्दाला वजन होतं. मी थांबले तशी ती उठली, पुढं आली, मी बांधायला घेतलेल्या तांबड्या कापडावर हळदी-कुंकू वाहिलं आणि हात जोडून परत जागेवर बसली.

मी म्हणाले, "अहो आजी, ही पोथी नाही. मुलांची गोष्ट आहे."

"पोथीत दुसरं काय आसतं? गोष्टच आसती की," म्हातारी म्हणाली. "वाचा तुमी."

आता बघा, देवळात वाचन, पुस्तकाला तांबडं कापड, मधे दसरा नुकताच होऊन गेलेला, आणि वाचणारी शिकलेली बाई. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते. त्या दिवसापासून रोज बायका वाढत गेल्या. कुणी मुठीत ज्वारी आणून पुस्तकापुढं ठेवी. आमच्या भागात पोथी लावली की वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा, अशी रीत असते. म्हातारीनं ते काम आपण होऊन अंगावर घेतलं. मी एक पान वाचलं की ती बायकांकडं वळून सांगायची, "म्हंजी कसं हाय, की ज्याची आठवन काढनारं कुनी न्हाई, त्याचं नाव त्यो उचलतो." बायका माना डोलवायच्या. अर्थ सांगायचं काम माझं, आणि ही कोण मधेच? पण मी गिळून घेतलं.

मी माझा अर्थ मुलांना सांगायची. रोज वाचन संपलं की विचारायची, "सांगा, दळणारा कोण?" एक म्हणाला, दुष्काळ. एक म्हणाला, मरीआई. एकानं इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, मुकादम. मला हसू आलं. शेवटी मी फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'अज्ञान'. म्हटलं, लिहून घ्या. ज्याला अक्षर येतं त्याचं नाव कुणी दळू शकत नाही. सगळ्यांनी पाटीवर लिहून घेतलं. त्या पोरीनं नाही लिहिलं. ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

"का गं, पटलं नाही?"

"न्हाई बाई."

"मग तू सांग, कोण?"

ती कोरी पाटीच बोटानं पुसत राहिली. मी म्हटलं, आलीय मोठी शहाणी.

दिवाळी झाली आणि मुकादम ट्रकची तारीख सांगायला गावात आला. म्हातारीनं त्याला देवळाच्या पायरीवरच गाठलं. "पोथी लावलीया. समाप्ती झाल्याबिगर आमी गाव सोडनार न्हाई. पोथी अर्धी टाकून शिव वलांडली तर काय व्हतं, तुला ठाव न्हाई व्हय रं?"

मुकादम आत आला. पुस्तकाकडं बघितलं, चपला काढल्या, आणि तांबड्या कापडावर डोकं टेकवलं. "किती अध्याय राहिलं, बाई?"

मी गप्प राहिले. खोटं बोलले नाही, नुसती गप्प राहिले. पण त्या गप्प राहण्यातच माझ्या डोक्यात उजेड पडला. पोथी संपेपर्यंत ट्रक हलणार नाही! म्हणजे ट्रकची चावी माझ्या हातात. मी शांतपणे सांगितलं, "बरेच राहिलेत. आणि अवघड आहेत."

मग मी काय काय केलं, विचारू नका. रोज एक प्रकरण वाचायची ती अर्ध्यावर आले, मग दोन पानांवर. मधे पाढे घालायची, शब्दांचे अर्थ सांगायची, मागचं पुन्हा वाचायची. म्हातारीला अर्थ सांगायला भरपूर वेळ द्यायची. माझा हिशेब सरळ होता. तेवढ्या वेळात त्या पोरीच्या आईला आणि आजीला गोष्टीतूनच वळवायचं. आणि शेवट मी बदलणार होते.

कारण खरा शेवट भयंकर होता. खाली उतरलेली मुलगी बहिणीला नावानं हाक मारते तशी बहीण सुटते, पण दळणारा खुणेनं सांगतो की जातं थांबत नसतं, जो खुंटा सुटला तो दुसऱ्या कुणीतरी धरायचा. धाकटी खुंटा धरते. थोरली घरी येते. आई भाकरी थापते आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त होते. कुणासाठी ते तिला आठवत नाही. ती भाकरी ती टोपल्याखाली झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक जास्त थापते, पुन्हा झाकते. पुस्तक तिथं संपतं. मुलांच्या पुस्तकाला हा काय शेवट झाला? मी ठरवलं होतं, माझी मुलगी खाली जाऊन सगळ्या मुलांना अक्षरं शिकवेल, सगळी आपापली नावं भिंतीवर लिहितील, आणि जात्याचे दोन तुकडे होतील. ते ऐकून कोणती आई चौथीतल्या पोरीला उसाला नेईल?

अकरा दिवस ट्रक थांबला. बाराव्या दिवशी मुकादम घायकुतीला येऊन म्हणाला, "बाई, कारखाना सुरू झाला. दुसऱ्या टोळ्या फडात उतरल्या. उद्या दुपारपत्तुर उरकाच." बायकांनाही आता घाई झाली होती. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या समाप्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रक वडाखाली उभा, सामान चढलेलं. म्हातारीनं गूळ-शेंगदाण्याचा प्रसाद करून आणलेला. ती पोर पहिल्या ओळीत, मांडीवर भाऊ. तिच्या मागं आई, आणि आईशेजारी थोरली. मी वाचायला लागले. शेवटची चार पानं आली तसं मी पुस्तक छातीजवळ धरलं आणि पानावरची नजर न हलवता माझी गोष्ट सुरू केली. आवाज चढवला. "आणि मग ती मुलगी म्हणाली, मुलांनो, कोळसा घ्या, मी तुम्हाला अक्षरं..."

"बाई, तसं न्हाई तिथं."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढं रेटलं.

"बाई, तसं न्हाईच. मी वाचलंय. तुमी जेवाय जाता तवा मी वाचलंय."

"गप बस!" मी अशी ओरडले की तान्हं दचकून रडायला लागलं. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही बघितलं तिनं. आपलं लेकरू खोटं बोलताना सापडल्यावर माणूस बघतं तसं बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "पोथीत जसं हाय तसं वाचा. त्यात आपला हात घालू न्हाई."

माझे कान तापले. एवढी शिकलेली मी, आणि भर देवळात माझी चोरी एका पोरीनं पकडली होती. पण वाचायला लागले. खुंट्यापासून भाकरीपर्यंत सगळं, जसं होतं तसं. संपलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, झालं, अपशकुन म्हणून आता मलाच शिव्या देणार.

म्हातारीनं पदरानं नाक पुसलं आणि अर्थ सांगितला. "रडताय कामून? आईनं भाकर झाकून ठिवलीया ना? येनार नसल त्याच्यासाठी कोन भाकर झाकून ठिवतं का? ती येनार हाय. आईला नाव आठवत न्हाई, पर हाताला आठवतंय."

मी दहादा वाचलेलं पुस्तक. मला हे दिसलं नव्हतं.

प्रसाद वाटला आणि माणसं ट्रककडं निघाली. मी त्या पोरीचा दंड धरून तिला खांबाआड ओढलं. "तू जाऊ नकोस. आजीजवळ राहा. मी आईशी पुन्हा बोलते."

"न्हाई बाई. मला जायचंय."

"का?"

"थोरली मोळ्या बी बांधती आनि ह्याला बी बघती. मागल्या साली तिच्या हातावर कोयता बसला, ह्याच्याकडं बघायच्या नादात. मी ह्याला घेतलं की ती सुटती." तिनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पुस्तकात बी तसंच हाय की."

घ्या! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिला थांबवायला मी बारा दिवस घसा फोडला, तिला त्याच पुस्तकानं ट्रकमधे चढवलं. ती दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"बाई, दळनारा कोन, मला ठाव हाय. आल्यावर सांगते."

"आत्ता सांग."

"आत्ता नगं. तुमी चिडाल."

ट्रक गेला. मी पुस्तक कापडात बांधलं, घरी आले आणि मनसोक्त रडले. दुःखानं कमी, रागानं जास्त.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिच्या नावाशी अडखळले. त्या टोळीबरोबर नऊ मुलं गेली होती. बाकी पोरं वाट बघत होती की मी नाव गाळून पुढं जाते का. मला म्हातारीची भाकरी आठवली. मी नाव पुकारलं, मोठ्यानं. कुणीतरी म्हणालं, "उसाला गेलीया, बाई." मी म्हटलं, "नुसतं गेली म्हणायचं नाही. येणार आहे म्हणायचं." तेव्हापासून रोज नऊ नावं पुकारायची आणि मुलं एका सुरात म्हणायची, "येनार हाय, बाई!" निळ्या शाईत गैरहजेरी मांडायची. खोटी हजेरी मी लावली नाही. पण तांबडी शाई बाटलीतच वाळली.

संक्रांतीनंतर तपासणीचे साहेब आले. निळ्या खुणांच्या रांगा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या. "ही नावं अजून कमी केली नाहीत? तुमचा पट तर आदर्श असायचा."

"ती मुलं परत येणार आहेत, साहेब."

"कशावरून?"

"आणि नाही आली तर मी स्वतः आणीन. त्यांचा पत्ता मला ठाऊक आहे. माझ्या बापाच्याच शिवारात आहेत."

साहेबांनी शेरा मारला. मारू दे म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पटावर शेरा पडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मी स्वतःवरच खूश होते. नऊ नावं जपणारी बाई! दळणाऱ्याला मी एकटीनं थोपवून धरलंय, असाच माझा रुबाब होता.

पाडवा होऊन गेल्यावर टोळी परत आली. दुसऱ्याच दिवशी ती पोर शाळेत हजर. उन्हानं आणखी काळी झालेली, टाचा फुटलेल्या. बाकीची आठही आली. मी मुद्दाम उभं राहून हजेरी घेतली. एकेक नाव, ठणठणीत. 'हजर बाई', 'हजर बाई'. तिचं नाव आलं, तीही 'हजर' म्हणाली. आजीनं तिला सगळं सांगितलंच असणार की बाई रोज तुझं नाव घ्यायच्या. तिच्या तोंडावर आनंद दिसेल म्हणून मी बघत होते. शेवटचं नाव झालं आणि मी पट मिटला.

ती उभी राहिली. "बाई, एक राहिलं."

"नऊच्या नऊ झाली की गं."

"थोरलीचं राहिलं."

मी हसले. "अगं, ती कुठं पटावर आहे?"

"हुती की. तुमी पुसलं. मी दुसरीत हुते, हितं म्होरं बसले हुते. तुमी पट्टी ठिवली आनि तांबडी रेघ मारली. मी बघितलं." तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. पाढा म्हणावा तसं ती बोलत होती. "तवापसनं तिला कुनी शाळंतली म्हनलं न्हाई. तुमी बी न्हाई. म्हनून मी तवा बोलले न्हाई, दळनारा कोन ते."

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी माझ्या बोटांकडं बघितलं. दिवाळीपासून शाई लागली नव्हती तरी नखांच्या कडेला तांबडं उरलं होतं.

राग यायला हवा होता. माझा स्वभावच तो. पण आला नाही. मी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, जुने पट काढले, दोन वर्षांपूर्वीचा शोधला. तिसरीच्या पानावर होती ती रेघ. सरळ, नीट, पट्टी धरून मारलेली, खाली माझी सही. मला ती मारल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. रेघेखाली नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं.

मी काळी शाई घेतली आणि चालू पटाच्या शेवटी ते नाव लिहिलं. नियमात बसत होतं की नाही, मी विचार केला नाही. मग उभी राहिले आणि पुकारलं.

थोरली देवळाच्या पायरीशीच होती. धाकटीला सोडायला आली असेल, नाहीतर दोघींचं आधीच ठरलं असेल, देव जाणे. कडेवर भाऊ, डाव्या हातावर कोयत्याचा वण. ती गोंधळून इकडंतिकडं बघायला लागली.

धाकटी ओरडली, "म्हन की गं!"

"हजर बाई," थोरली म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली.

त्यानंतर ती रोज आली. आत बसली नाही कधी. पायरीशी उभी राहायची, नाव पुकारलं की हजर म्हणायची आणि पाण्याला जायची. मी दोनदा चिडले, चारदा विनवलं, की बस गं आत. ती म्हणायची, "आता कुठं बाई, माझं जमतंय." त्याच उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागायच्या आधीच तिचं लग्न लागलं. मी तिच्या बापाशी भांडले, म्हातारीशी भांडले, काही उपयोग झाला नाही. धाकटी पुढं जूनमधे पाचवीला तालुक्याला गेली, हे माझ्या पदरात पडलं. पण ह्या गोष्टीचा शेवट गोड करून सांगायची खोड माझी तेव्हाच गेली. पुस्तकात जसं आहे तसं वाचावं.

लग्नाला मी गेले होते. सासरच्यांनी रीतीप्रमाणं तिचं नाव बदललं. तांदळाच्या ताटात नवऱ्याकडून नवीन नाव लिहून घेतलं, बायकांनी ते मोठ्यानं म्हटलं, टाळ्या वाजवल्या. मी ते नाव ऐकून घेतलं नाही. उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेतली. शेवटी तिचं जुनंच नाव पुकारलं. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मग धाकटी म्हणाली, "येनार हाय, बाई," आणि बाकीचे तिच्या मागोमाग म्हणाले.